श्रवणबेळगोळ : मातापित्यांच्या नावे

कर्नाटकाच्या हासन जिल्ह्यात, चन्नरायपट्टण तालुक्यात, दोन उघड्याबोडक्या खडकाळ टेकड्या एकमेकींसमोर उभ्या आहेत. थोरली विंध्यगिरी आणि धाकटी चंद्रगिरी. दोहोंच्या मध्ये एक तळे आहे आणि गावाला नाव पडले ते त्या तळ्यावरून. कन्नडमध्ये ‘बिळि’ म्हणजे पांढरे व ‘कोळ’ म्हणजे तळे; श्रमणांचे स्थान म्हणून मागे ‘श्रवण’ लागले. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडील जैन कुटुंबांना हे क्षेत्र परके नाही. तिकडच्या कितीतरी घरांत भिंतीवरच्या तसबिरीतून गोम्मटेश्वराची ओळख बाळपणीच झालेली असते.

विंध्यगिरीवर जाण्यासाठी खडकातच खोदलेल्या सहाशेंहून अधिक पायऱ्या आहेत. वर अनवाणी जावयाचे असते. उन्हे चढली की कातळ असा तापतो की खालच्या दुकानांतून पायमोजे घेतल्याविना नवखा माणूस निभावत नाही. थकलेल्या वृद्धांसाठी डोलीची सोय आहे; तरीही गुडघ्यावर हात ठेवून, दर दहा पायऱ्यांवर थांबत चढणाऱ्या आजीबाईच अधिक दिसतात.

माथ्यावरची बाहुबलींची मूर्ती सुमारे 58 फूट उंच असून ती एकाच पाषाणातून घडविलेली आहे. कायोत्सर्ग मुद्रा, मांडीदंडांवर चढलेल्या वेली, पायांशी वारुळे. भरत आणि बाहुबली यांची कथा जैन घरातील मुलालाही ठाऊक असते. तथापि तिच्या शेवटाकडे बहुधा लक्ष जात नाही. जिंकलेले राज्य टाकून वर्षभर निश्चल उभ्या राहिलेल्या या तपस्व्यालाही शेवटचे पाऊल एकट्याने टाकता आले नाही. दिगंबर परंपरेत भरत येऊन पूजा करतो, तेव्हा बाहुबलींच्या मनातले शल्य जाते. श्वेतांबर परंपरेत ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी येऊन भावाला मानरूपी हत्तीवरून खाली उतरावयास सांगतात. दोन्ही परंपरांत केवलज्ञानाच्या उंबरठ्यावर कोणीतरी घरचेच माणूस उभे आहे. एवढ्या बाबतीत तरी दोन्हींचे एकमत व्हावे, ही समाधानाची गोष्ट होय.

मूर्ती घडविली चावुंडरायाने, दहाव्या शतकाच्या अखेरीस. तो गंग राजांचा मंत्री आणि सेनापती होता. रणांगणावर नाव मिळविलेल्या याच पुरुषाने 978 मध्ये कन्नड गद्यात त्रेसष्ट शलाकापुरुषांचे पुराण रचले आणि आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींच्या चरणी शिष्यत्व पत्करले. कथा अशी सांगतात की, पोदनपुरातील बाहुबलींच्या मूर्तीचे वर्णन ऐकून त्याची माता काळलदेवी हिने दर्शन होईपर्यंत दूध न घेण्याचा नियम केला. मातेला घेऊन निघालेला पुत्र वाटेत चंद्रगिरीवर थांबला, त्याला स्वप्नात दृष्टांत झाला आणि त्याने सोडलेला बाण समोरच्या टेकडीवर जेथे लागला तेथे ही मूर्ती प्रकट झाली. इतिहासाच्या कसोटीला बाणाची गोष्ट उतरणार नाही. मातेचा नियम मात्र उतरावा, कारण तसे नियम आजही घरोघरी केले जातात आणि मुलांना ते पार पाडावे लागतात.

मूर्तीच्या पायांशी कन्नड व तमिळ लेखांबरोबर नागरी लिपीतल्या दोन मराठी ओळी आहेत. एक सांगते की हे चावुंडराजाने करविले. दुसरी सांगते की भोवतीचे सुत्ताले, म्हणजे मूर्तीभोवतालचा प्राकार, गंगराजाने करविले. गंगराज हा होयसळ नृपती विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकाच्या आरंभीचा. पहिली ओळ नेमकी केव्हा कोरली याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु कोरीव मराठीच्या प्राचीनतम वाक्यांत त्यांची गणना होते. कानडी मुलखात, एवढ्या उंचीवर, मराठी वाचणारा यात्रेकरू त्या काळीही येत असला पाहिजे. त्याशिवाय कोणी त्या भाषेत दगड कोरावयाचे श्रम घेतले नसते.

समोरच हातात फळ घेतलेली एका वृद्धेची मूर्ती आहे. तिला गुळ्ळकायज्जी म्हणतात. चावुंडरायाच्या मनात कर्तेपणाचा अहंकार आला आणि घागरीमागून घागरी ओतूनही अभिषेकाचे दूध मूर्तीच्या पायांपर्यंत उतरेना. तेव्हा एका दरिद्री म्हातारीने फळाच्या पोकळ करवंटीतून आणलेल्या घोटभर दुधाने ते काम केले, अशी कथा आहे. मोठ्या बोलीने कलश घेणाऱ्या कुटुंबांना महामस्तकाभिषेकाच्या वेळी या आजीसमोरूनच जावे लागते, ही योजना मोठी मार्मिक आहे.

परंतु श्रवणबेळगोळचे खरे वैभव पाहावयाचे तर मान खाली घालून पाहिले पाहिजे. या गावात आणि दोन्ही टेकड्यांवर मिळून पाचशेंहून अधिक शिलालेख आहेत. त्यांत राजांची स्तुती आहे, मुनींच्या सल्लेखनेच्या नोंदी आहेत. आणि पुष्कळसा सरळ हिशेब आहे. तेराव्या शतकातील काही लेखांत सामान्य श्रावकांनी थोडे गद्याण, म्हणजे सोन्याची नाणी, ठेव म्हणून दिल्याचे नमूद आहे. मुद्दल अबाधित राहावयाचे आणि त्याच्या व्याजातून गोम्मटनाथाच्या नित्य अभिषेकासाठी ठरल्या मापाने दूध यावयाचे. कोणी फुलांच्या माळांसाठी अशीच तजवीज केली आहे. आजच्या मंदिर-संस्थांचा ध्रुवफंड याच रीतीने चालतो. व्याजाचा दर दगडावर कोरून ठेवणाऱ्या माणसांची श्रद्धा भाबडी नव्हती. आपण गेल्यावरही दूध चालू राहावे, एवढ्यासाठी ती हिशेबी झाली होती.

गावातील सर्वांत मोठी बसदी आहे भंडारी बसदी. होयसळ नरसिंहाचा भांडारी, म्हणजे कोषाधिकारी, हुळ्ळ याने ती 1159 मध्ये बांधली आणि तीत चोवीस तीर्थंकरांच्या मूर्ती एका ओळीत स्थापिल्या. तेथेच विजयनगरच्या बुक्करायाचा 1368 चा लेख आहे. जैन आणि वैष्णव यांच्यात तंटा झाला असता राजाने जैनांचा हात वैष्णवांच्या हाती दिला व दोन्ही दर्शनांत भेद नाही असे जाहीर केले. पुढे व्यवहार लागतोच: प्रत्येक जैन घराने वर्षाला एक हण द्यावा, तो तिरुमलेच्या वैष्णव तातय्याने गोळा करावा, त्यातून बेळगोळच्या देवासाठी वीस रक्षक नेमावेत आणि उरलेल्या रकमेतून जीर्ण जिनालयांची डागडुजी व्हावी. समेट टिकावा यासाठी वसुली दुसऱ्या पक्षाच्या हाती देण्याची ही युक्ती कोणाही व्यवहारी माणसाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

आणखी एक लेख व्यापारी घराण्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. शके 1556, म्हणजे इसवी सन 1634. बेळगोळच्या देवस्थानाचे स्थानिक अडचणीत सापडले होते आणि त्यांनी देवाच्या जमिनी सावकारांकडे गहाण टाकल्या होत्या. सावकार त्या दीर्घकाळ उपभोगीत होते. कायद्याच्या आजच्या भाषेत हे कबजेगहाण झाले. म्हैसूरच्या चामराज ओडेयरांना हे कळले, तेव्हा त्यांनी त्या व्यापाऱ्यांना बोलावून घेतले आणि तुमचे ऋण आम्ही फेडतो असे सांगितले. व्यापाऱ्यांनी पैसे घेतले नाहीत. आपल्या मातापित्यांना पुण्य लाभावे म्हणून हे गहाण आम्ही सोडून देतो, असे त्यांनी उत्तर दिले.

राजाने बोलावल्यावर व्यापाऱ्याने काय समजावयाचे ते समजून घेतले, असे कोणी म्हणेल. म्हणोत. दरबारातल्या उदारतेत थोडा धाकाचा अंश असतोच, आणि इतकी वर्षे भोगलेल्या उत्पन्नात मुद्दलही वसूल झाले असावे. तरीही राजाने रक्कम देऊ केली होती आणि ती घेण्यात अन्याय काहीच नव्हता. शिवाय नकार देताना त्यांनी राजाचे नाव घेतले नाही, स्वतःच्या कीर्तीचेही नाही, घेतले आईबापांचे. ज्यांनी पेढी घालून दिली, त्यांच्या खात्यावर त्यांनी ही रक्कम जमा केली. गोम्मटनाथ आणि गुरू चारुकीर्ती पंडित यांच्या समक्ष फारखत लिहून दिली गेली आणि यापुढे जो देवाची जमीन गहाण ठेवील किंवा तिच्यावर कर्ज देईल तो पापाचा धनी होईल, असे बजावले गेले. गहाण ठेवणाऱ्याबरोबर कर्ज देणाऱ्यालाही दोषी धरणारे हे कलम त्या काळच्या मानाने फार पुढचे आहे.

चंद्रगिरीची चढण सोपी, आणि तेथे गर्दीही तुरळक. श्रुतकेवली भद्रबाहूंची गुहा येथे आहे आणि इ. स. 600 च्या सुमाराच्या लेखात त्यांचे नाव आढळते. सम्राट चंद्रगुप्त गुरूंच्या मागोमाग येथवर आला आणि त्याने येथेच देह ठेवला, अशी परंपरा आहे. चावुंडरायाच्या नावाची बसदीही याच टेकडीवर आहे. तिचा वरचा मजला त्याचा पुत्र जिनदेवण याने चढविला.

थोडे पलीकडे कत्तले बसदी आहे. ‘कत्तले’ म्हणजे अंधार. गंगराजाने, ज्याचे नाव समोरच्या टेकडीवर मराठीत कोरले आहे त्याच सेनापतीने, ती 1118 मध्ये आपली आई पोचव्वे हिच्यासाठी बांधली. तिने 1121 मध्ये सल्लेखनेने देहत्याग केला, तेव्हा त्याने तिचा स्मृतिलेख याच टेकडीवर उभारला. टेकडीवरच्या बसद्यांत गर्भगृहाला प्रदक्षिणामार्ग आहे तो एवढ्या एकीलाच. उन्हातून आत गेलेल्या यात्रेकरूला प्रथम काहीच दिसत नाही. भिंतीला हात लावून तो थोडा वेळ उभा राहतो; मग हळूहळू आदिनाथांची मूर्ती दिसू लागते.