फितूर न होणारा साक्षीदार

आमच्या घराला चार कॅमेरे आहेत हे कळले की पाहुणे हसतात. घर पत्र्याचे, दारात एक जुनी स्कूटर, चोराने न्यावे असे आत काही नाही. त्यातून शनिशिंगणापूर आमच्याच नेवासा तालुक्यातले. घरांना दारे-कुलपे नसलेले गाव म्हणून त्याची ख्याती. २०११ साली युको बँकेने तेथे शाखा उघडली तेव्हा बिनकुलपाची बँक म्हणून देशभर चर्चा झाली. "तुमच्या तालुक्यात कुलूप लागत नाही आणि तुम्ही कॅमेरे कसले लावता?" अशी थट्टा आम्ही दर दिवाळीच्या सुट्टीत ऐकतो.

वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही ते चोरासाठी लावलेच नाहीत. जानेवारी २०१३ मध्ये याच तालुक्यात, सोनईला, मेहतर समाजाच्या तीन तरुणांची हत्या झाली. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नव्हता. पुराव्याच्या कड्या जुळवत २०१८ साली नाशिकच्या न्यायालयात सहा जणांना शिक्षा झाली. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला २०१४ साली आपल्या एका शाळकरी मुलाला मारले गेले. तेथे साक्षीदार उलटले आणि २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. त्या निकालानंतर विहारातल्या बैठकीत आम्हीच उठून बोललो होतो, "माणूस फितूर होतो, कॅमेरा फितूर होत नाही." टाळ्या पडल्या. बोनस मिळाल्यावर चार कॅमेरे आणि चित्रण साठवणारी पेटी, म्हणजे डीव्हीआर, घेतला. एक कॅमेरा गल्लीकडे, त्यात विहाराचे फाटक आणि पंचशील ध्वज दिसतो. एक दारावर, एक ओसरीवर आणि एक परसात.

या मार्चमध्ये पेटीच्या पडद्यावर सूचना आली की नवे फर्मवेअर उपलब्ध आहे. फर्मवेअर म्हणजे पेटीच्या पोटातली आज्ञावली, जिच्यावर ती चालते. कॅमेरे बसवणाऱ्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "दादा, चालतंय ना? मग हात लावू नका. अर्ध्यात लाइट गेली तर पेटी कायमची गेली समजा." आमची कन्या संगणक शिकते. ती म्हणाली, "पप्पा, कंपनी उगाच सांगत नाही, करून टाका." कालामांना तथागतांनी काय सांगितले ते आम्ही व्याख्यानांतून दहा वेळा सांगितले असेल. आता घरात दोन जाणकार दोन बाजूंना, आणि आम्ही पंधरा दिवस नुसते पुढे ढकलत राहिलो.

खरे सांगायचे तर आम्हाला भीती होती ती १४ एप्रिलची. जयंतीच्या तोंडावर पेटी बंद पडली तर? गेल्या वर्षी जयंतीचा फलक कोणीतरी रात्री फाडला होता. दीडच्या सुमाराला कुत्री भुंकली, शेजारच्या मावशी जाग्या झाल्या, तोवर माणूस पसार. आम्ही मोठ्या ऐटीत चित्रण घेऊन गेलो. पण पेटीचे घड्याळ साडेपाच तास मागे होते. भारताची वेळ तिला कोणी सांगितलीच नव्हती. त्यामुळे फलक आमच्या चित्रात रात्री आठला फाटत होता, आणि आठला तर आम्ही सगळे त्याच फलकाखाली उभे! समोरच्या साहेबांनी पेन ड्राइव्ह परत दिला. शिवाय नक्कल दिली तर सोबत कायद्याने प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये हे स्पष्ट केले आहे, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या साक्ष अधिनियमातही कलम ६३ मध्ये ती अट आहे. तेही आम्ही नेले नव्हते. कारकुनी करणाऱ्या माणसाने कागद विसरावा, याची लाज आजही वाटते.

निर्णय झाला तो मात्र वेगळ्याच प्रश्नावरून. रात्री भाकरी थापता थापता मुलांची आई म्हणाली, "अहो, परसातला कॅमेरा कोण कोण बघू शकतं?" परसात आमची न्हाणी आहे. पोरीचे आणि तिचे जाणे-येणे तिथूनच. आम्ही म्हणालो, "आपणच." कन्या म्हणाली, "आणि कॅमेरेवाला. आणि पासवर्ड ज्याला माहीत असेल तो." पासवर्ड त्या मुलानेच ठेवलेला होता: कारखान्यातून येतो तोच. त्याने तालुक्यात बसवलेल्या किती घरांना तोच असेल, कोण जाणे.

मग कन्येने समजावले. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या आज्ञावलीने जगभरचे असलेच कॅमेरे आणि पेट्या ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. युक्ती कसली, तर कारखान्यातले साठेक ठरलेले पासवर्ड एकेक करून लावून पाहायचे. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातले बायकांचे चित्रण बाहेर विकले गेल्याची बातमी आपण सर्वांनी वाचली आहे. फर्मवेअरमध्ये राहिलेली भोके नव्या आवृत्तीत बुजवतात. पण पासवर्ड तोच ठेवला तर नवे फर्मवेअर काय करणार?

मुलांची आई तेवढ्यावर थांबली नाही. तिने उठून राउटरची वायर काढली. "आधी हे, मग तुमचं ते." आमच्या सगळ्या चर्चेत एवढे साधे कोणाला सुचले नव्हते.

रविवारी वंदना आटोपून बसलो. आधी गल्लीचे चित्रण पेन ड्राइव्हवर उतरवले, कारण आमच्या डिस्कवर बारा-पंधरा दिवसांचेच मावते आणि मग जुन्यावर नवे चढते. पेटी उलटी करून खालच्या चिठ्ठीवरचा मॉडेल क्रमांक वहीत लिहिला. कॅमेरेवाल्याकडून मागवलेल्या फाइलच्या नावात एका अक्षराचा फरक निघाला. दुसऱ्याच पेटीची फाइल! ती घातली असती तर त्याचे भाकीत लाइट न जाताही खरे झाले असते. मग कंपनीच्याच साइटवरून मोबाइलवर बरोबर फाइल उतरवून घेतली. पेटी इन्व्हर्टरवर लावली. सात-आठ मिनिटे पडदा काळा. आई कोपऱ्यातून विचारत होती, "गेली का रं?"

चित्र आले. घड्याळ पुन्हा चुकलेले, ते कन्येने मोबाइलशी मिळवले. पासवर्ड बदलला. परसातला कॅमेरा काढून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बसवला. राउटरची वायर अजून लावलेली नाही. कामावर असताना घर मोबाइलवर दिसत नाही, त्याला इलाज नाही. १४ एप्रिलची मिरवणूक पेटीत बरोबर वेळेसह उतरली.

परवा कॅमेरेवाला मुलगा आला होता. पेटी पाहून म्हणाला, "दादा, नवा पासवर्ड काय ठेवला? माझ्या वहीत लिहून ठेवतो." मुलांच्या आईने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि त्याच्या आईची तब्येत विचारली.