सूत्र कोणाच्या हातीं?

आमच्या जळगांवांत कार्तिक शुद्ध एकादशीस श्रीरामाचा रथ निघतो. इ. स. १८७२ पासून चालत आलेल्या या उत्सवांत रथापूर्वीं कांहीं दिवस लांकडी वाहनें गांवांतून फिरतात. लांकूड निर्जीव खरें. परंतु दिव्यांच्या उजेडांत तें पुढें सरकूं लागलें कीं लहान मूल हात जोडतें. निर्जीवांत जीव पाहण्याची ही हौस फार जुनी आहे. ज्ञानेश्वरांनींहि आपल्या ग्रंथाच्या अखेरच्या अध्यायांत स्वतःस सायखड्याच्या बाहुल्याची उपमा दिली आहे. चालविणारें सूत्र अर्थातच सद्गुरूंच्या हातीं.

या हौशीस अलीकडे संगणकाची जोड मिळाली आहे. बाहुलीच्या अवयवांचीं चित्रें सुटीं करावयाचीं, सांध्यांच्या जागीं फिरण्याचे बिंदू नेमावयाचे, हालचालींतील मुख्य मुख्य स्थिति सांगावयाच्या. मधल्या स्थिति यंत्र आपण होऊन भरतें. मग पडद्यावर बोट फिरवावें, तशी बाहुली मान वळविते. गेल्या वर्षीं आमच्या मित्रमंडळींत प्रश्न निघाला कीं, मुलांकरितां जमविलेल्या वर्गणींतून पिंगुळीच्या बाहुल्यांचा खेळ बोलवावा, कीं तसाच खेळ यंत्रावर करवून कायमचा ठेवावा? रक्कम एकाच कामास पुरण्याजोगी होती.

यंत्राच्या बाजूचें म्हणणें क्षुल्लक नव्हे. एल लिसिट्स्की या रशियन चित्रकारानें १९२३ सालीं हानोव्हर येथें ‘सूर्यावर विजय’ या नाट्यासाठीं यांत्रिक बाहुल्यांचीं शिलाछापाचीं चित्रें प्रसिद्ध केलीं. साऱ्या बाहुल्या विजेच्या बळावर एकाच मनुष्यानें चालवाव्या, ही त्याची कल्पना. पण त्याच्या हयातींत त्या घडल्याच नाहींत. त्यांस संगणकावर चालविणें म्हणजे त्यांना जन्म देणें होय. झुरिक येथें सोफी टॉयबर-आर्प हिनें केलेल्या शंकू-गोलांच्या लांकडी बाहुल्या १९१८ सालीं ‘हरिणराजा’ या नाटकांत नाचल्या, परंतु इन्फ्लुएंझाच्या सांथीमुळें खेळ थोडक्यांत आटोपला. आज त्या संग्रहालयांत आहेत. त्यांस पुन्हां नाचविणें जोखमीचें. तेथेंहि यंत्राची प्रतिमा उपकारकच ठरेल.

पिंगुळीची गोष्ट मात्र निराळी. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील या गांवच्या ठाकर समाजांत कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी या तिन्ही कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. परशुराम गंगावणे यांनीं आपल्या गोठ्याचें संग्रहालय केलें. २०२१ सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली. तेथें हात अद्याप जिवंत आहेत. सूत्र ढिलें पडतांच लांकडी पाय आपल्या भारानें खालीं येतो, किंचित् चुकतो, आणि खेळणारा मनगटानें ती चूक सांवरून घेतो. त्या सांवरण्यांतच बाहुलीचें चालणें आहे. पडद्यावरील बाहुलीस वजन नसतें. हिशेबानें तें घालतां येतें. पण बापानें लेकाचा हात धरून दिलेलें शिक्षण त्या हिशेबांत कसें शिरावें?

आमच्या खानदेशांतच याचें प्रत्यंतर आहे. १९२६ सालीं इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यास निवर्तले. त्यांच्या नांवाच्या संशोधन मंडळानें जुने कागद जतन केले, म्हणून ते आजहि वाचतां येतात. चाळीसगांवचे केकी मूस (१९१२–१९८९) टेबलावर लहानसहान वस्तु मांडून असे देखावे रचीत कीं, छायाचित्रांत ते खरेच भासावे. तीं छायाचित्रें राहिलीं. मांडणारा हात त्यांच्याबरोबर गेला. कागद टिकतो, चित्र टिकतें; कसब मात्र दुसऱ्या हातांत उतरलें तरच टिकतें.

म्हणून आम्हीं खेळ बोलावण्याच्या बाजूनें मत दिलें. खेळ एका सायंकाळीं संपेल, यंत्रावरील मात्र शेंकडों मुलें वारंवार पाहतील, हा आक्षेप खरा आहे. तथापि ज्या बाहुल्यांस हात उरले नाहींत, त्यांचा भार यंत्रानें खुशाल वाहावा. ज्यांस हात आहेत, त्या हातांस आधीं काम मिळावें. खेळ चालू राहिला तर त्याचें चित्रण उद्यां करतां येईल. खेळणाऱ्याच्या मुलानें पोटासाठीं दुसरा धंदा धरल्यावर चित्रण कशाचें करावयाचें? मतें समसमान पडलीं. वर्गणी अद्याप तशीच आहे आणि मंडळी पुढील महिन्यांत पुन्हां बसणार आहेत.