पोहणीतून गेलेल्या वस्तू

पांगाऱ्याचा बिंडा. बांधावरच्या पांगाऱ्याचा मांडीएवढा ओंडका तोडायचा, साल काढून उन्हात खडखडीत वाळवायचा आणि शिकणाऱ्याच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, दोराने आवळायचा. लाकूड इतकं हलकं की पोरगंही तो काखेत मारून विहिरीवर नेई. त्याची खरी खुबी पुढे कळे. रोजच्या भिजण्याने बिंडा पाणी पीत जाई, जड होई आणि आधार थोडा थोडा काढून घेई. शिकणारा कधी स्वतःच्या हातापायांवर तरंगू लागला, हे त्यालाही कळत नसे. आता कमरेला तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन असतो. तो पाणी पीत नाही. पहिल्या दिवशी जेवढा उचलतो तेवढाच शेवटच्या दिवशीही, आणि मुलं त्याच्यावर विसंबून राहतात. बांधावरचे पांगारेही गेले. फाल्गुनात त्यांच्या लाल फुलांवर साळुंक्या-कावळ्यांची गर्दी दिसली की परीक्षा आणि त्यामागून पोहणी जवळ आली, असा जुन्नर-आंबेगावच्या गावांतला हिशेब होता.

वाळके भोपळे, दोन, एका दोरीत बांधलेले. ते बिंड्याच्याही आधी गेले.

मोटेची विहीर. तिला पायऱ्या होत्या, धाव होती, थारोळं होतं. मोट गेली तरी दगडी बांधकाम तसंच राहिलं आणि पोरांना उड्या मारायला चढत्या उंचीच्या जागा आयत्याच मिळाल्या. आधी पाण्यालगतची पायरी, मग मधली, मग काठ, आणि ज्याची छाती होईल त्याने थारोळ्यावरून सूर मारायचा. मुटका कुणीही मारी. सूर मारणाऱ्याकडे वर बसलेली माणसंसुद्धा मान वळवून बघत. पाणी किती आहे ते परसांत सांगत: दोन परस, तीन परस. आता त्याच विहिरीचं पाणी मोटार किती तास चालते त्यावर सांगतात. साठ-सत्तरच्या दशकांत आधी डिझेल इंजिन आणि मग विजेची मोटार आली, शेतकऱ्याच्या आणि बैलाच्या खांद्यावरचं ओझं उतरलं, ते बरंच झालं. पण पाण्यात पाइप आले, केबल आली. केबलचा सांधा उघडा असेल तर त्या पाण्यात उतरणं म्हणजे मरण. पोहणी विहिरीतून उठली ती मुख्यतः या भीतीने, आणि ही भीती खरी आहे.

विहिरीवर झुकलेली बाभूळ आणि तिला लटकलेली सुगरणींची घरटी.

एकट्याने विहिरीवर जाणं. याचं कारण दुसऱ्या तालुक्यात सांगितलं तर कदाचित पटणार नाही. धरणांचं पाणी फिरलं, ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहू लागला. त्याची पिल्लं उसातच जन्मतात. कठडा नसलेल्या विहिरीत तो रात्री पडतो. मग वनखात्याची माणसं पिंजरा नाहीतर बाज खाली सोडून त्याला वर काढतात. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावं लागलं. आता विहिरींना कठडे बांधतात, वर जाळ्या टाकतात. माणसाच्या मुलासाठी आणि बिबट्यासाठीही तेच योग्य. पण पहाटे किंवा दिवस कलल्यावर उसाच्या सरीतून विहिरीकडे पळत जाणारं मूल आता दिसत नाही, दिसूही नये.

शिकवणारा माणूस. मामा, चुलता, नाहीतर वाड्यातला कुणी बाप्या. दोराचं एक टोक त्याच्या मुठीत असे. कुठल्या विहिरीत कुठे कपार आहे, कुठे झरा असल्याने पाणी एकदम गार लागतं, कुठल्या कोपऱ्यात गाळ पाय धरतो, हे त्याला पाठ असे. पोराला तो ढकलून देई आणि त्याच्यामागे स्वतःही उडी टाकी. ही दुसरी उडी हेच त्याचं शिकवणं होतं. कुणाची कळशी पडली, बादली पडली, तर बुडी मारून तळ काढणाराही तोच; आणि एखाद्या वाईट दिवशी माणूस काढायलाही त्यालाच बोलवत. या यादीत मला सगळ्यात जास्त सल त्याचाच आहे. बिंड्याला कॅन मिळाला, त्याच्या जागी कुणी आलं नाही.

म्हशीची शेपटी. ती धरून नदी पार करता येई. आता गोठ्यात संकरित गाई आहेत. त्यांना पाइपने धुतात.

डोह आणि वाळू. कुकडी, मीना, पुष्पावती, घोड या नद्या. पूर्वी चैत्रात धार बारीक होई आणि मागे डोह उरत, दोन डोहांच्या मध्ये वाळूचे पट्टे. पाण्यात चालत उतरता येई: घोटा, गुडघा, कंबर, छाती. घाबरलेल्या मुलाला कुठे थांबायचं ते स्वतः ठरवता येई. ती वाळू ट्रक-ट्रॅक्टरांतून गेली आणि मागे खड्डे राहिले. वरून पाणी सपाट दिसतं आणि दुसऱ्या पावलाला तळ नसतो. कोल्हापुरी बंधाऱ्यांनी साचलेल्या पाण्यावर कुठे कुठे जलपर्णी पसरते. धरणातून आवर्तन सुटलं की पाणी रात्रीत चढतं. घोडनदीकाठचं जुनं आंबेगाव तर डिंभे धरणात गेलं. तालुक्याचं नाव आंबेगावच राहिलं, कचेरी घोडेगावात. उन्हाळ्यात धरण खाली गेलं की जुन्या गावाच्या खुणा वर येतात.

कानाला लावायचा तापलेला दगड. कानात पाणी गेलं की काठावरचा उन्हाने तापलेला गोटा कानाला टेकवून, मान वाकडी करून उभं राहायचं. पाणी ऊन होऊन बाहेर येई.

इथे पाणी कमी झालेलं नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवं. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाचही धरणं याच दोन तालुक्यांत आहेत. त्यांच्यावर कालवे, खाली बंधारे. आजोबांच्या काळात नव्हतं इतकं पाणी आज दाराशी उभं आहे, आणि त्यात उतरता येणारी मुलं कमी होत चालली आहेत. शेततळं हे त्यातलं सर्वांत फसवं पाणी. राज्य सरकारची ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना 2016 मध्ये आली. त्याआधीपासूनच द्राक्षांसाठी, टोमॅटोसाठी लोक प्लास्टिकच्या अस्तराची तळी करत होते. अस्तराचा उतार शेवाळाने बुळबुळीत होतो. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिथून वर येता येत नाही. पाय ठेवायला पायरी नाही, धरायला मूळ नाही. प्रत्येक शेततळ्यात चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडलेले असावेत, हवा भरलेली एक ट्यूब तरंगत असावी. काही शेतकरी हे करतात. सगळ्यांनी केलं पाहिजे.

मला स्वतःला विचाराल तर नदी. पोहण्याच्या तलावाच्या निळ्या फरशीवर पाणी वरपासून खालपर्यंत एकसारखं लागतं. विहिरीत छाती कोमट आणि पाय गार, डोहात एका अंगाने धार लागते. हे अंगाला कळणं म्हणजेच पाणी कळणं. पंचवीस मीटरच्या तलावात हात कसा मारायचा, श्वास कधी घ्यायचा हे फार चांगलं शिकवतात, विहिरीपेक्षा कितीतरी शिस्तीने. पण तिथे शिकलेलं मूल घोडनदीत उतरलं की त्याला तळ दिसत नाही आणि ते घाबरतं. म्हणून तलावात शिकवावं आणि मग जाणत्या माणसाच्या दोराला धरून एखाद्या साफ, स्थिर बंधाऱ्यात उतरवावं. नदी परत आणता येते. पॅरिसात सेन नदीत पोहायला 1923 पासून बंदी होती. पाणी स्वच्छ करून 2025 च्या जुलैत ती लोकांसाठी पुन्हा खुली केली.

वर जे जे गेलं म्हणून लिहिलं, त्यातलं बहुतेक मुलग्यांचं होतं. मुली काठावर धुणं धूत, कळशी भरत. थारोळ्यावरून सूर मारणाऱ्या मुली फार थोड्या. गावातल्या प्रत्येक जातीच्या पोरालाही प्रत्येक विहिरीत उतरू देत नसत. कुणाची विहीर कुणासाठी, हे पोहायला शिकण्याआधीच शिकवलं जाई. ती मोडलेली रीत या यादीत घालून तिच्यासाठी हळहळायचं मला कारण दिसत नाही. तलावावर फी भरली की आत जाता येतं आणि मुलींची वेगळी वेळ असते. नारायणगाव, मंचर, जुन्नरच्या ज्या मुली सुट्टीत जवळच्या नाहीतर पुण्याच्या तलावावर शिकून येतात, त्यातल्या कितीतरी जणी आपल्या घरात पोहता येणाऱ्या पहिल्याच बायका आहेत.