बोलणं आणि ठरवणं

१९९४ नंतर महाराष्ट्रात कॉलेजला गेलेल्या कुणालाही विचारा, वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीत कधी मत मागितलंय का, दिलंय का? बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असेल. त्या वर्षीच्या विद्यापीठ कायद्यानं खुल्या निवडणुका थांबल्या. कॉलेजांत हाणामाऱ्या होत होत्या, त्यामुळे कायदा करणाऱ्यांची काळजी खोटी नव्हती. २०१६ च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली. पण मधल्या काळात एक अख्खी पिढी पदवीधर झाली, आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी जिंकलेल्याच्याच बाकावर जाऊन बसायचं कसं, हे तिला कधी शिकायलाच मिळालं नाही. राजकारण तिला मोबाईलनं शिकवलं.

मोबाईलनं पोरं बिघडवली, हे अर्धंच खरं आहे. माणूस चिडून स्क्रीनला जितका वेळ चिकटेल तितकी जाहिरात खपते, म्हणून चिडवणारा मजकूर पुढे ढकलला जातो, हे कबूल. पण स्टेटस टाकणाऱ्याला काहीच ठरवायचं नसतं. त्याच्या शब्दानं गावातला नळ सुरू होत नाही की बंद पडत नाही. बोलण्याची किंमत मोजावी लागत नसली की माणूस काहीही बोलतो, आणि हे वयाचं लक्षण नव्हे.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या एका अभ्यासिकेत मी अधूनमधून मुलांशी बोलायला जातो. तिथं बीडकडची दोन मुलं शेजारी बसतात, एक मराठा, एक वंजारी. दोघांचा डबा एकाच मावशींकडून येतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर त्यांच्या भागात व्हॉट्सॲप स्टेटसवरून मराठा-वंजारी तंटे झाले, एकमेकांच्या दुकानात जायचं नाही इथवर गोष्टी गेल्या. त्या दिवसांत हे दोघं डबा समोरासमोर खायचे आणि एकमेकांचे स्टेटस मान खाली घालून बघायचे. पंचायत राज दोघांना तोंडपाठ. त्याच पंचायतीत आपल्या गावाचं काय चाललंय, याबद्दल मात्र चकार शब्द नाही.

मराठ्यांना कुणबी, म्हणजे ओबीसी, दाखले मिळावेत म्हणून २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाला, तेव्हा मी त्याची छापील प्रत घेऊन गेलो. सगळ्यांनी फोन दप्तरात ठेवले आणि एकेक परिच्छेद मोठ्यानं वाचला. कुणबी दाखल्याच्या चौकशीसाठी त्यात गावपातळीवर समिती आहे: ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, सहायक कृषी अधिकारी. वंजारी मुलगा म्हणाला, “तुझ्या गावात हे तिघं कोण आहेत रे?” मराठा मुलाला सांगता येईना. मग त्यानं उलट तेच विचारलं, आणि यालाही सांगता येईना. दोघांनी घरी फोन लावले. नंतरचा तासभर जो वाद झाला तो कडाक्याचा होता. कोणता पुरावा चालावा, ओबीसींच्या वाट्याचं काय, नातेसंबंधाची शहानिशा कशी व्हावी. कुणाचं मत बदललं नाही. पण वाद कागदातल्या मजकुरावर होता, एकमेकांच्या जातीवर नव्हता. मला तेवढं पुष्कळ वाटलं.

असं बसून समजून घेण्याची रीत एका गावात रुळलेली आहे. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या छोट्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्यामागचा अभ्यासगट मात्र फारसा चर्चेत येत नाही. जंगल, कायदा, हिशेब, जो विषय असेल तो तिथं बसून समजून घ्यायचा. बाहेरचा जाणकारही येऊन बसतो. अभ्यासगटात ठराव होत नाही, त्यामुळे तिथं कुणाला जिंकायचं नसतं. ठरवायचं ते ग्रामसभेत, आणि तेही हात मोजून नव्हे, सर्वसहमतीनं. एखाद्याला पटलं नसेल तर विषय थांबतो, त्याचं म्हणणं पुन्हा ऐकलं जातं.

मेंढ्यात बहुतेक माणसं एकाच समाजाची. मराठवाड्यातल्या जातींनी दुभंगलेल्या गावात सर्वसहमती तशीच्या तशी चालणार नाही, हे मला कळतं. पण समजून घेण्याची बैठक वेगळी आणि ठरवण्याची वेगळी, एवढी सोय कुठल्याही गावात, कुठल्याही कॉलेजात करता येईल.

मी विचारलं तेव्हा कळलं की अभ्यासिकेतली ती दोन्ही मुलं आपापल्या गावच्या मतदारयादीत आहेत, म्हणजे ग्रामसभेची सदस्य आहेत, आणि दोघंही आजवर एकाही ग्रामसभेला गेलेले नाहीत. सभा कधी असते हे कुणी कळवत नाही. १५ ऑगस्टची माहीत असते, पण तिथं झेंडावंदन उरकलं की कोऱ्या वहीवर सह्या घेतात, असं ते सांगतात. गावाच्या ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्टेटसची भांडणं रंगतात, त्याच ग्रुपवर आठवडाभर आधी विषयपत्रिका आणि जमाखर्चाचा फोटो टाकायला सरपंचाला काय लागतं? आणि पुण्याहून रात्रीच्या एसटीनं निघालेल्या मुलाला गाठता येईल अशी वेळ ठेवायला?