अण्णांच्या भोरड्या

हिवाळ्यात मी वेताळ टेकडीवर जाते ती थिरथिऱ्यासाठी. खाणीच्या कडेला त्याचा एक ठरलेला दगड आहे. ऑक्टोबर सरताना हा चिमणीएवढा पाहुणा हिमालयाकडून येतो आणि त्या दगडावर बसून विटकरी शेपूट थरथरवतो. नर काळा, पोट तांबूस. मादी इतकी साधी की पहिले दोन हिवाळे मी तिला चिमणी समजून पुढे गेले. गिरिपुष्पाच्या सावलीतला लाल छातीचा माशीमार दिसण्याआधी ऐकू येतो, 'टिर्रर्र' असा. (मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला फोटोसाठी बाहेर काढणारे लोकही हल्ली लांबूनच ऐकू येतात. त्यांना पाहिलं की मी वाट बदलते.)

गेल्या फेब्रुवारीत अण्णा गावाहून आले होते. गाव मंगळवेढ्याकडचं, काळ्या रानाचं, मालदांडी ज्वारीचं. "पाखरं बघाय डोंगरावर कशाला जायाचं?" असं कुरकुरतच ते निघाले.

टेकडीच्या पायथ्याशी निष्पर्ण काटेसावर लालभडक फुलली होती आणि झाडभर कलकलाट चालला होता. मी दुर्बीण लावली. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. "अण्णा, पळस मैना! पार मध्य आशियातून येते," मी जरा ऐटीतच सांगितलं.

अण्णांनी दुर्बीण हातातसुद्धा घेतली नाही. "कसली मैना? भोरड्या हायत्या ह्या."

मग चढण राहिली बाजूला. दगडी कट्ट्यावर टेकून ते सांगत बसले. रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की शाळा बुडवून पाखरं राखायची. माळ्यावर उभं राहून दिवसभर गोफण फिरवायची, वर पत्र्याचा डबा बडवायचा. भोरड्यांचा थवा एकदा का रानात उतरला, की कणसं रिकामी. "संध्याकाळी खांदा वर होत नसायचा," ते म्हणाले, आणि उजवा हात आपसूक डोक्यावर गेला, गोफणीच्या फेऱ्याला. झाडावरचा एकही पक्षी हलला नाही.

मी त्यांना सांगितलं, चीनच्या शिनज्यांगमध्ये हाच पक्षी टोळ खातो, म्हणून तिथले लोक त्याला मुद्दाम घरटी बांधून देतात. अण्णा बराच वेळ सावरीकडे बघत राहिले.

"घरं बांधून देत्यात?"

"हो."

"आन् खायाला आमच्याकडं धाडत्यात."

स्वतःच हसले. मग बोट उगारून मोजायला लागले. फुलातून फुलात उड्या मारणारी पाखरं मोजताना चुकले की पुन्हा पहिल्यापासून. ऊन वर आलं, मध संपवून थवा कर्वेनगरच्या दिशेनं उडाला, तेव्हा त्यांचा आकडा होता बासष्ट.

थिरथिऱ्याच्या दगडापर्यंत त्या दिवशी आम्ही पोचलोच नाही.