चिकचिक आणि टक्

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला पैशांची वाण पडेल, सुट्या भागांची पडेल. पण सल्ल्यांची वाण कधी पडत नाही. आमची गाडी १९८६ सालची. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, गिअरची दांडी स्टिअरिंगच्या मानेला, आणि मागे तिघं बसले असताना चौथ्याने खुशाल "सरका जरा" म्हणावं अशी ऐसपैस. अशा गाडीला आवाज असायचेच. घरातल्या माणसाचा खोकला ओळखावा तसे तिचे सगळे आवाज मी ओळखतो, असा माझा समज होता.

म्हणूनच एका रविवारी सिंहगड रस्त्याला ही म्हणाली, "अहो, गाडीत काहीतरी चिकचिकतंय," तेव्हा मी शांतपणे म्हणालो, "चिमण्या असतील."

"चिमण्या काय गाडीबरोबर धावतात?"

मी कान दिला. चिकचिक कुठेच नव्हती. मला ऐकू येत होतं ते निराळंच. क्लच सोडून गाडी उचलली, की पोटाखालून एक 'टक्'. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की परत 'टक्'. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तेवढं सगळ्याच म्हाताऱ्या गाड्या करतात." झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात चिकचिकवादी आणि टक्वादी असे दोन पक्ष झाले, आणि दोन महिने कोणीही माघार घेतली नाही.

मग तज्ज्ञ आले. बँकेतून निवृत्त झालेले पहिल्या मजल्यावरचे काका मागच्या सीटवर डोळे मिटून, मैफलीला बसल्यासारखे बसले आणि उतरताना म्हणाले, "डिफरन्शियल गेलं." हे त्यांनी अशा स्वरात सांगितलं, की मी नकळत विचारलं, "कधी?" भाचा म्हणाला, "गिअरबॉक्स." एका चकचकीत गॅरेजमधल्या टाय बांधलेल्या मुलाने गाडीखाली न वाकताच दोन्ही बदलायचा अंदाज छापून दिला. त्यातला आकडा मी चष्मा पुसून दोनदा वाचला आणि घरी येऊन जाहीर केलं, "गाडी भंगारात द्यायची."

ही काही बोलली नाही. लेकीला जन्मल्यावर याच गाडीतून घरी आणलं होतं, आणि सासरी पाठवलं तेही हिच्यातूनच. संध्याकाळी चहा देताना ती एवढंच म्हणाली, "आवाज कशाचा आहे ते तरी आधी कळू दे."

नाना पेठेतल्या एका गल्लीत आमचे जुने मिस्त्री अजून आहेत. मी त्यांना आवाजाचं वर्णन ऐकवू लागलो, तर त्यांनी हात वर केला. "साहेब, आवाज कसा येतो ते ऱ्हाऊ द्या. कधी येतो ते सांगा."

इथपर्यंत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. मिस्त्रींनी गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन रेस केलं. आवाज नाही, इंजिन सुटलं. मग सपाट रस्त्यावर तीसच्या वेगात गाडी न्यूट्रल केली. हिने लगेच सांगितलं, "येतोय." म्हणजे आवाज इंजिनाच्या नव्हे, चाकांच्या तालावर होता. डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, फरक नाही. चाकाचं बेअरिंग असतं तर वळणावर भार बदलताच बहुधा सूर बदलला असता. क्राऊन-पिनियन ओरडत असतं तर ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना रडगाणं पालटलं असतं. तेही नाही.

मग गाडी खड्ड्यावर घेतली. मिस्त्री खाली उतरले आणि इंजिनाची ताकद मागे नेणारा तो लांब शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून पाहू लागले. "या, बघा," म्हणाले. सांध्याची एक बाजू हलत होती आणि दुसरी जागच्या जागी होती. दोन्ही मिळून हलल्या असत्या, तर तो खेळ डिफरन्शियलचा. सांध्याच्या तोंडाशी कुंकवासारखी तांबडी भुकटी होती: ग्रीसवाचून कोरड्या पडलेल्या, सुईएवढ्या बारीक रोलरांचा गंज.

"क्रॉस गेलाय," मिस्त्री म्हणाले. "कोरडा फिरतो म्हणून चिकचिकतो, ढिला झालाय म्हणून टक् करतो. वहिनी पण बरोबर, साहेब पण बरोबर." क्रॉसची किंमत दोघांच्या हॉटेलातल्या जेवणाएवढी निघाली.

शाफ्ट उतरवण्याआधी त्यांनी खडूने खुणा केल्या. का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, जसा होता तसाच बसला पाहिजे, नाही तर गाडी थरथरते. कारण मोठं गमतीचं आहे. या सांध्याला कोणी सोळाव्या शतकातल्या कार्डानोचं नाव देतं, तर कोणी सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हुकचं. पण त्याची खोड तीच आहे. वाकून फिरताना तो एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. म्हणून शाफ्टच्या दोन टोकांना दोन सांधे, नीट जुळवून बसवायचे. एकाची चूक दुसऱ्याने भरून काढायची. मी हिच्याकडे पाहिलं. ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

पैसे देताना मिस्त्री हळूच म्हणाले, "साहेब, मघाशी मला रस्त्यावरून चिकचिक ऐकू येत होती. तुम्हाला आत बसून येत नव्हती?"

परतीच्या वाटेवर ही "मी म्हणत नव्हते?" असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "लेक फोनवर पुटपुटते, अशी तुमची तक्रार आहे ना? ती नाही पुटपुटत."

कानाच्या डॉक्टरांनी माझा आलेख काढला. खालच्या सुरांना छान सपाट, आणि वरच्या सुरांना सिंहगडाचा उतार! वयाबरोबर बारीक, उंच सूर आधी जातात, म्हणाले. 'टक्' राहतं, चिकचिक जाते. बोलण्यातले 'स' आणि 'फ'सुद्धा निसटतात. इथेही मला कोणी "कधी येतो" असं विचारलं नव्हतं. विचारणारी एक होती, तिला मी चिमण्या सांगितल्या होत्या.

आता कानात यंत्र आहे. लेक स्वच्छ बोलते. गाडीही धावते आहे. पण यंत्र येईपर्यंत चिकचिक गेली होती, त्यामुळे ती कशी होती हे मला कधीच कळणार नाही. परवा हिला विचारलं. थोडा विचार करून म्हणाली,

"खरं सांगू? अगदी चिमणीसारखी."