ओढ किती आणि कुठवर

गरगूर ओढणाऱ्या हायड्रॉलिक पुलीला देता येईल तेवढा जोर द्यावा, याच मताचा मी बरीच वर्षं होतो. आता नाही.

बहरीनमधल्या सित्र्यात मी ज्या बोटींची कामं करतो, त्यांतल्या बहुतेक गरगुराच्या. गरगूर म्हणजे तारेच्या जाळीचा घुमटाकार सापळा. तोंड नरसाळ्यासारखं असल्यामुळे मासा आत शिरतो, पण बाहेरची वाट त्याला सापडत नाही. हामूर, साफी, शेरी त्यात मिळतात. पूर्वी दोर हातानं ओढत. आता बोटीच्या कडेला पुली असते, तिच्यामागे हायड्रॉलिक मोटर आणि खाली इंजिनावर चालणारा पंप. पुलीच्या व्ही आकाराच्या खाचेत दोर घट्ट बसतो आणि वर येतो.

तक्रार ठरलेली: "भाई, खींचता नहीं." त्यावर माझं उत्तरही ठरलेलं. ठरलेल्या दाबाला उघडून तेल परत सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हचा लॉकनट सैल करायचा, स्क्रू थोडा आवळायचा, गेज बघायचा. २०० सीसीची मोटर आणि १५ सेंटिमीटर त्रिज्येची पुली असेल, तर १०० बारला साधारण २०० किलोची ओढ मिळते, १४० बारला २८० ची. गिऱ्हाईक खूश, आपणही खूश.

एक म्हातारा नाखवा मात्र उलट सांगायचा, "कम करो." हातानं ओढायची सवय जाता जात नाही, असं मी मनात म्हणायचो. त्याचं म्हणणं कळलं ते दुसऱ्याच एका बोटीवर. गरगूर खडकात अडकलं होतं. पुली थांबली नाही, दोरही तुटला नाही. वर आलं ते फक्त दोर बांधलेलं कडं आणि त्याला लोंबणारी हातभर गंजकी जाळी. सापळा राहिला खालीच. दोर टनाचा भार सहज घेतो, पण खाऱ्या पाण्यात मुरलेली तार तेवढं कुठून सोसणार? त्यात लाटेनं बोट उचलली की झटका वेगळाच. व्हॉल्व्ह कमी बारला उघडत असेल, तर अशा वेळी पुली मागे फिरते, दोर थोडा सुटतो, आणि नाखव्याला बोट वळवून दुसऱ्या बाजूनं ओढून बघता येतं.

खाली राहिलेलं गरगूर मालकाच्या हिशेबातून जातं, समुद्राच्या नाही. त्यात मासे शिरत राहतात, मरतात, आणि मेलेल्या माशांच्या वासानं आणखी येतात. काही देशांत सापळ्याचं एक दार कुजणाऱ्या दोऱ्यानं बांधायची सक्ती आहे, ती याचसाठी.

तेव्हापासून मी स्क्रूला शेवटी हात लावतो. भार आल्यावर पुली थांबते, की पुली फिरते आणि दोर घसरतो, हे आधी बघतो. दोर घसरत असेल तर खाच झिजून गुळगुळीत झालेली असते. तिथं प्रेशर वाढवून काही होत नाही. पुली थांबत असेल, तर तेल बघायचं. उन्हाळ्यात ४६ नंबरचं तेल फार पातळ पडतं, ६८ घालावं लागतं. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय. एवढं करून मग व्हॉल्व्ह. तेल गरम झाल्यावर दोर खुंट्याला बांधायचा, स्क्रू पूर्ण सैल करून हळूहळू आवळत आणायचा, आणि हवा तो आकडा आला की थांबायचं.

हे सगळ्यांना पटतं असं नाही. प्रवाह जोरात असला की कमी बारची पुली रेंगाळते, खलाशी वैतागतात, आणि शेजारच्या वर्कशॉपमध्ये कुणीतरी स्क्रू आवळून देतोच. त्यांची घाई मला कळते. दिवस संपायच्या आत सगळे सापळे उचलायचे असतात. तरी बोटीवर चढलो की आता मी "किती बारला सेट आहे?" असं आधी विचारत नाही. सगळ्यात जुनं गरगूर दाखवायला सांगतो, त्याचं कडं हलवून बघतो, आणि त्याला झेपेल तेवढ्यावरच व्हॉल्व्ह लावतो.